चौथी चिठ्ठी

प्रिय मैत्रिणी,

हा शब्द तुझाच. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून तू एकदा म्हणाली होतीस, "मैत्रीण म्हण ना, ते काय कमी आहे?" तेव्हा मला तो शब्द उरलंसुरलं ताटात वाढल्यासारखा वाटला होता आणि मी तोंड फिरवून बसलो होतो. आज वर्षभराने कागदाच्या डोक्यावर तो लिहून पाहिला, तर चांगला भरीव शब्द आहे. अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाली असशील तर जरा थांब. तुझ्यामागे लागायला हे लिहीत नाहीये. तू कशी आहेस, कोणाबरोबर बसतेस, हेसुद्धा विचारणार नाही. पुढच्या बुधवारी मला घरी जायचं आहे, आणि जाण्याआधी तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागतो. आधीच मागितली तर तुला ती क्षुल्लक वाटेल, आणि मी बाकीचं सांगायचं टाळीन. टाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला ठाऊक आहेच.

सध्या मी एका टायरच्या दुकानात काम करतो. चाकं काढायची, पंक्चर शोधायचं, चाकं परत बसवायची. दुकानावरच्या माळ्यावर झोपायला जागा आहे, तिथे उशीलासुद्धा रबराचा वास येतो. मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यांनी माझं एक काम पाहिलं आणि पान्हा हातातून काढून घेतला. "नट घट्ट करतोस की कोणाचा गळा आवळतोस? तू रागाने आवळलेला नट पुढच्या माणसाच्या हातात तुटतो. आणि तो मला शिव्या घालतो, तुला नाही." मी तेव्हा उलट उत्तर दिलं. मग दिवसभर चाकं बसवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. मी आवळलेले नट आजवर दुसऱ्यांच्याच हातात तुटलेत. एक तुझ्या हातात तुटला, ते तर तू विसरली नसशील.

तुला आठवतं का, गेल्या वर्षी एका बुधवारी तू मला विचारलं होतंस, "कपाळ असं लाल का दिसतंय तुझं?" मी म्हणालो होतो, दाराची चौकट लागली. ते खोटं होतं. तो राखेचा बुधवार होता. आमच्या ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्याचा पहिला दिवस. सकाळी चर्चमध्ये फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि आठवण करून देतात की माणसा, तू मातीचा आहेस. ती राख दिवसभर तशीच वागवायची. आई, बाबा आणि धाकटी ती कपाळावर घेऊन आपापल्या कामाला गेली. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची, तिला शाळेत कोणीतरी "तोंड धू" म्हणालं, तर ती म्हणाली, "तूच धू, तुझं नुसतंच काळं आहे." आणि मी, घरातला थोरला, कॉलेजच्या फाटकाजवळच्या नळावर रुमाल भिजवून कपाळ खसाखसा घासत होतो. तुला ती राख दिसू नये म्हणून. तू हसशील असं मला वाटलं होतं. तू हसली नसतीस, हे आता कळतं. पण आता कळून काय उपयोग? पहिल्याच दिवशी मी घरच्या माणसांना रुमालाने पुसून टाकलं होतं.

आमचं घर तू पाहिलेलं नाहीस. बाबा पुस्तकं बांधतात. पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, तिथे पुठ्ठे, कापडाची भेंडोळी, दाभणं, आणि खळीचं पातेलं. आई म्हणते, "माझ्यापेक्षा त्या पातेल्याला जास्त जपतात." उपवासकाळात संध्याकाळी खळ झाकून ठेवायची, कापायचं मोठं टेबल ओल्या फडक्याने पुसायचं आणि चौघांनी त्याच्याभोवती बसायचं. आधी प्रार्थना. मग पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त मनाशी आठवायचं की आज आपल्यामुळे कोणाला काय सोसावं लागलं. मग साधं जेवण, मांसाहार नाही, गोड नाही. दर रविवारी घरातली एक वस्तू कोणाला तरी द्यायची. बाबांचा नियम एकच, उरलेलं द्यायचं नाही, लागतं ते द्यायचं. गेल्या वर्षी पहिल्या रविवारी धाकटीने तिची रंगांची नवी पेटी दिली, ब्रशसकट. दोन दिवस रडली, पण परत मागितली नाही. मी कोपरं फाटलेला स्वेटर दिला. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, रात्रीच्या जेवणाआधी त्याची कोपरं शिवली आणि मगच गाठोड्यात ठेवला. स्वतः ते या चाळीस दिवसांत कोणाचंही फाटकं पाठ्यपुस्तक फुकट बांधून देतात. शेजारची पोरं मुद्दाम तोपर्यंत पुस्तकं तशीच ठेवतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक पत्र्याची डबी आहे, एरवी तिच्यात सुया असतात. राखेच्या बुधवारी संध्याकाळी सुया काढून तिच्यात चार चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठ्या कागदाच्या नाहीत, पुठ्ठ्याच्या, तळहातात मावतील एवढ्या, कडांना जांभळं कापड चिकटवलेल्या. मी सहा वर्षांचा असताना बाबांनी पहिल्या तीन कापल्या आणि दौत माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "लिही, तू आता लिहिणारा झालास." मी शाईने लिहिलेला आयुष्यातला पहिला शब्द 'बाबा' आहे. दोन्ही अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेलीत आणि शेजारी अंगठ्याचा निळा ठसा आहे. मग 'आई' आणि 'थोरला'. 'धाकटी' नंतर ती जन्मल्यावर आली, तोवर माझं अक्षर सुधारलं होतं. दर वर्षी प्रत्येकाने डबीतून एक चिठ्ठी काढायची. स्वतःची आली तर परत टाकायची. जे माणूस येईल त्याच्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना करायची आणि रोज त्याचं एक काम करायचं, त्याला न कळू देता. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी ती चिठ्ठी त्या माणसाच्या ताटात ठेवायची. तोपर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही. धाकटीकडे आई आली की ती आईच्या चपला उन्हात तापवत ठेवते आणि कोणी उचलू नये म्हणून बाजूला पहारा देत उभी राहते. आईला रोज "अगंबाई, आज चपला कशा गरम?" असं म्हणावं लागतं. नाटक करण्यात आमच्या घरात सगळ्यात कच्ची आई, आणि सगळ्यात जास्त काम तिलाच.

गेल्या वर्षी मला बाबा आले. मी बाबांवर आधीच रागावलेलो होतो, तुझ्यावरून. तुझ्याविषयी मी घरात इतकं बोलायचो की धाकटी मलाच तुझ्या नावाने जेवायला हाक मारायची. एक दिवस पुस्तकाचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवता शिवता बाबांनी मान वर न करता विचारलं, "त्या मुलीला विचारलंस का, तिला काय वाटतं?" बस, एवढंच. मी भडकलो. मला वाटलं, यांना काय कळतं, यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात गेलं. त्यामुळे डबीतून 'बाबा' निघाले तेव्हा मी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि विसरून गेलो. प्रार्थनेला डोळे मिटायचो तेव्हा तुझ्यासाठी मागायचो. तुझ्यासाठी म्हणजे तुझं भलं व्हावं म्हणून नव्हे. तू मला मिळावीस म्हणून. बाबांसाठी एकही शब्द नाही, एकही काम नाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना रोज संध्याकाळी काही सापडलं नाही, आणि त्यांनी काही विचारलंही नाही.

आणि मग ते. तू तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हतीस, मैत्रिणींमध्ये बसत होतीस. तिसऱ्या दिवशी मी वर्गाबाहेरच्या कठड्याला टेकून तुला चिठ्ठी लिहायला निघालो, आणि वही सापडेना. खिशात हात घातला तर पुठ्ठा लागला. त्याच्या पाठीवर लिहिलं. काय लिहिलं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "उद्या चार वाजता मागच्या जिन्यापाशी ये. नाही आलीस तर मी काय करून बसेन सांगता येत नाही." तू मागितलेल्या पुस्तकात ती घातली आणि पुस्तक तुझ्या हातात दिलं. त्या वेळी मला वाटलं होतं की प्रेम यापेक्षा थेट सांगता येणार नाही. परवा वस्तादांना ही गोष्ट सांगितली, नाव न घेता, दुसऱ्या कोणाची म्हणून. ते हवेचा दाब बघत होते. म्हणाले, "ही धमकी झाली रे. पोरगी घाबरली असेल." मी म्हणालो, नाही, तसं नव्हतं. ते म्हणाले, "तुला कसं माहीत? तूच होतास का तो?" मी पुढचं चाक ओढलं. तेही परत दाब बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तू ते पुस्तक उघडलंस आणि चिठ्ठी खाली पडली. पलीकडच्या बाकावरच्या उंच मुलाने ती उचलली. आधी त्याला 'बाबा' दिसलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्या बाबांचं पत्र आलंय वाटतं, नुकतेच शाळेत जायला लागलेत का?" सगळे हसले. तूही थोडी हसलीस, मी पाहिलं. मग त्याने ती उलटली आणि मागचं मोठ्याने वाचलं. तेव्हा तू हसत नव्हतीस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तेव्हा त्या मुलाच्या खात्यावर टाकलं. ते माझ्यामुळे होतं. मी स्टूल उचललं. ते त्याला लागलं नाही, मागच्या कपाटाच्या काचेला लागलं. काच वरच्या तीन फळ्यांवरच्या पुस्तकांवर कोसळली, आणि ती उचलायला वाकलेल्या ग्रंथालयातल्या काकांचा तळहात कापला. मी तिथे छाती काढून उभा होतो. तू माझ्याकडे बघशील, तुझ्यासाठी कोणी उभं राहिलं म्हणून, अशी वाट बघत. तू उठलीस, त्या मुलाच्या हातातून चिठ्ठी घेतलीस, पुस्तकात ठेवलीस, तुझा रुमाल काकांच्या हाताला बांधलास आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणालीस, "मी तुला सांगितलं होतं का?"

प्राचार्यांनी माझ्याकडे फक्त लेखी माफी मागितली होती. त्या मुलाची, काकांची आणि तुझी. तीन ओळींचं काम. मी म्हणालो, मी माफी मागणार नाही, आणि निघालो. दोन दिवस घरी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभा होतो, तू दिसशील म्हणून, तर बाबा आत जाताना दिसले. कामावरचाच सदरा, बोटांवर वाळलेली खळ, हातात टोपी. कॉलेजातून घरी निरोप गेला होता. मी मागोमाग जाऊन जिन्यावर थांबलो. प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. दुसऱ्याच्या खुर्चीला खळ लागेल असं त्यांना नेहमी वाटतं. ते म्हणत होते, "पोराचा राग माझ्याकडूनच आला असणार, मी तो कामात जिरवला, त्याला अजून काम सापडलेलं नाही." त्यांना रागावलेलं मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. मग ते खाली ग्रंथालयात गेले, काकांचा हात हातात घेऊन पाहिला आणि काचेने फाटलेली पुस्तकं पोत्यात भरून खांद्यावर घेतली. निळ्या कापडात बांधलेली ती एकोणीस पुस्तकं तू आता पाहत असशील. कोणी बांधली ते तुला माहीत नसेल, म्हणून सांगितलं.

फाटकाबाहेर मी त्यांना गाठलं. पोतं खांद्यावरून घ्यायचं सोडून ओरडलो, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं की हे मी दोनच दिवसांपूर्वी ऐकलंय, दुसऱ्या बाजूला उभं राहून. तुझं बरोबर होतं, माझं नव्हतं. बाबा म्हणाले, "घरी चल, उन्हात उभा राहू नकोस." मी गेलो नाही. कॉलेजात परत पाऊल टाकलं नाही. सुटलं म्हणून सगळ्यांना सांगतो. सुटलं नाही, मी सोडलं, तीन ओळी लिहायच्या नव्हत्या म्हणून.

त्यानंतर घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी प्रार्थना झाली की बाबा म्हणायचे, "आज कोणीतरी माझे बूट पुसून ठेवले. देव त्याचं भलं करो." दुसऱ्या दिवशी परत तेच. दाराशी खरंच त्यांचे जुने बूट चकचकीत असायचे, टोकं बाहेरच्या दिशेला करून, पाय घालायला सोपे जावेत असे. मला वाटलं आई करत असेल. सुटलो, असंही वाटलं. धाकटी मात्र माझ्याकडे बघून हसायची. तिच्याकडे आई होती, आईकडे धाकटीचीच चिठ्ठी होती हे तिने केव्हाच हेरलं होतं, म्हणजे बाबा माझ्याकडेच, हा हिशेब तिने बोटांवर केला होता. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी कोणी मोठा माणूस आहे. मी ते बघणं तसंच चालू दिलं. दोन आठवडे फुकटचं मोठेपण घेतलं.

पाचव्या आठवड्यात एकदा मला पहाटे जाग आली. दार अर्धं उघडं होतं. बाबा बाहेर पायरीवर बसून बूट पुसत होते. आधी डावा, मग उजवा. फुंकर मारून, बाहीने घासून. मग ते आत आणून दाराशी ठेवले, टोकं बाहेर, आणि पावलांचा आवाज न करता परत जाऊन झोपले. मैत्रिणी, मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. वाटलं, हे मला सगळ्यांदेखत टोमणे मारताहेत, रोज, देवाचं नाव घेऊन. त्या संध्याकाळी ते "आज कोणीतरी" म्हणाले आणि मी ताडकन उठलो. म्हणालो, "कोणी नाही पुसत. तुम्हीच पुसता. पहाटे उठून, चोरासारखे. मला बोलायचं तर तोंडावर बोला." धाकटीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेतून मी उतरलो, ते मला दिसलं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत लावला. म्हणाले, "पुसणारा एखाद्या दिवशी दमतो. त्या दिवशी मी पुसले, त्यात काय बिघडलं?" अजूनही ते मला झाकत होते. ते मला सहन झालं नाही. मी पिशवी भरली. आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "जेवून तरी जा." मी जेवलोही नाही.

याला आता वर्ष होईल. गेल्या रविवारी धाकटी दुकानात आली. आई समोरच्या फुटपाथवर उभी होती. मी तिकडे बघितलं की ती दुसऱ्याच दुकानाची पाटी वाचायला लागायची, आणि ते दुकान बंद होतं. धाकटी टायरच्या थप्पीवर चढून बसली. "काय रे हा अवतार? इकडे साबण मिळत नाही का?" वस्तादांनी तिला खुर्ची दिली तर म्हणाली, "नको, इथून तो छोटा दिसतो." मग तिने एकेक सांगितलं. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, मी निघून गेल्यावर, तिघांनी आपापल्या चिठ्ठ्या ठेवल्या. बाबांनी त्यांची चिठ्ठी माझ्या रिकाम्या ताटात ठेवली. 'थोरला'. ते कॉलेजात टोपी हातात घेऊन उभे राहिले, तो त्या वर्षीचा त्यांचा वाटा होता, मला कळू न देता करायचा. आणि त्यांची स्वतःची चिठ्ठी कुठे गेली, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, ते धाकटीने नंतर आईबाबांच्या बोलण्यातून ऐकलं. ग्रंथालयातल्या काकांनी सगळं सांगितलं होतं, पुठ्ठ्यावर पुढे काय होतं आणि मागे काय. बूट त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चमकायला लागले, आई आणि धाकटीला कळू नये म्हणून की मी ती चिठ्ठी कशासाठी वापरली. टोमणा कसला, मैत्रिणी. मी मात्र तोच ऐकला.

धाकटी पुढे म्हणाली की बाबांचा उजवा हात आता थरथरतो. दाभणात दोरा ती ओवून देते. गेल्या आठवड्यात त्यांनी बुधवारसाठी डबी काढली, सुया बाजूला ठेवल्या, तीन चिठ्ठ्या पाहिल्या आणि झाकण लावलं. ती म्हणाली, "मी नवीन करते की, माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे." बाबा म्हणाले, "असेल. पण ते त्याचं पहिलं अक्षर आहे. यंदा नुसती प्रार्थना करू." तिने विचारलं, कोणासाठी? तर म्हणाले, "तुला माहीत आहे." एवढं सांगून ती थप्पीवरून उतरली, माझ्या काळ्या हाताला हात न लावता माझी बाही धरली आणि म्हणाली, "चिठ्ठी हरवली असेल तर हरवली म्हण. पण तू तरी ये." समोर आई अजून त्या बंद दुकानाची पाटी वाचत होती.

तर आता मागतो. ती चिठ्ठी मला परत दे. तुझ्याकडून हवी असलेली वस्तू तेवढीच. अजून त्या पुस्तकात असेल तर पाकिटात घालून ग्रंथालयातल्या काकांकडे ठेव. तू समोर यायची गरज नाही, मी फाटकाबाहेर थांबणार नाही. मंगळवारी सकाळी तुमचे तास चालू असताना येईन. काकांचा हात बघेन, त्यांची आणि त्या उंच मुलाची माफी मागेन, प्राचार्यांना द्यायच्या तीन ओळी लिहून आणेन. तिसरी ओळ तुझी आहे, ती इथेच लिहितो. मी तुला घाबरवलं आणि त्याला प्रेम म्हणालो, माझं चुकलं. यावर उत्तर नको. चिठ्ठीची मागची बाजू खरवडू नकोस, त्यावर कागदही चिकटवू नकोस. बाबांना दोन्ही बाजू दाखवायच्या आहेत, सहाव्या वर्षी मी काय लिहिलं ती आणि एकोणिसाव्या वर्षी काय लिहिलं ती. ते लगेच खळीचं पातेलं ओढून मागची बाजू झाकायला बघतील. या वेळी मी झाकू देणार नाही. आणि तू ती केव्हाच फेकून दिली असशील तर ठीकच केलंस. तसं एका ओळीत लिहून काकांकडे ठेव, मी तो कागद घेऊन जाईन आणि तिघांसमोर टेबलावर ठेवीन. बुधवारी उजाडायच्या आधी घरी पोहोचायचं आहे. बाबा पायरीवर येण्यापूर्वी बूट हातात घ्यायचे आहेत, आधी डावा, मग उजवा. नंतर चर्च. मग कपाळावर राख घेऊन तसाच भर रस्त्याने दुकानात येईन. वस्ताद विचारतील, हे काय लागलंय? त्यांना खरं ते सांगेन.

तू म्हणाली होतीस तेवढाच, पण तेवढा नक्की तुझा,
मित्र